वाहुळे बाईंचा शनिवारचा वर्ग

सरोजिनी वाहुळे १९८० च्या जूनमध्ये आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झाल्या. वाशीतलं ते कॉलेज तेव्हा अगदी नवं होतं. चार वर्ग, एक प्रयोगशाळा आणि मागच्या बाजूला भरावाची माती टाकलेली मोकळी जागा. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. माझ्या विभागाला स्वतःची खोली नव्हती, म्हणून रसायनाच्या प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन घालून मला जागा दिली होती. त्यामुळे पुढची नऊ वर्षं बाई काय करतात हे मला बसल्या जागी ऐकू येत असे. जे ऐकू आलं नाही ते त्यांनी नंतर, थोडंथोडं करून, सांगितलं.

डेमॉन्स्ट्रेटरचं काम म्हणजे प्रॅक्टिकलच्या आधी द्रावणं करून ठेवायची, मुलं टायट्रेशन करत असताना टेबलांमधून फिरायचं आणि शेवटी जर्नलवर सही करायची. बायोकेमिस्ट्रीत पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेल्या बाईनं हे काम घ्यावं याचं मला नवल वाटलं. मी एकदा तसं विचारलंही. लेक्चररची जागा निघाली नाही, ही निघाली, असं त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील गंगाराम वाहुळे जालन्याजवळच्या एका खेड्यातले. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रासायनिक कारखाने उभे राहू लागले तेव्हा ते बायकोमुलांना घेऊन तुर्भ्याला आले आणि एका कारखान्यात ड्रम हलवण्याच्या कामाला लागले. सरोजिनी तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. घरात त्या पहिल्या मॅट्रिक, पहिल्या बी.एस्सी. आणि पहिल्या एम.एस्सी. १९७३ साली परळच्या एका संशोधन संस्थेत त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी विहारात त्यांचा सत्कार केला होता. चौदा महिन्यांनी त्यांनी ती संस्था सोडली. कुणाला काही न सांगता, टेबलाचा खण रिकामा करून, किल्ली ऑफिसात देऊन त्या निघून आल्या. नंतर पाच-सहा वर्षं त्यांनी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. का सोडली, हे मला पुष्कळ पुढं समजलं.

शनिवारचा वर्ग सुरू झाला तो एका फाडलेल्या पानावरून.

१९८१ च्या पावसाळ्यात पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला पुतळा भोईर नावाची मुलगी होती. तळवलीची, आगरी घरातली. बाप मिठागरात राबलेला; नव्या शहरासाठी जमिनी गेल्या त्यात त्यांचंही शेत गेलं होतं. पुतळाच्या जर्नलमधले आकडे शेजारच्या मुलीच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होते. बाईंनी तिला थांबवून घेतलं. ती म्हणाली, माझं उत्तर चुकलं होतं म्हणून तिचं घेतलं. चुकलेलं कुठं आहे, असं बाईंनी विचारलं. ते पान फाडून टाकलं, ती म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला कचऱ्याच्या टोपलीतून ते पान शोधून आणायला लावलं आणि दोघी तासभर तो चुरगळलेला कागद घेऊन बसल्या. शेवटी निघालं ते असं, की पुतळानं दिसले तेच आकडे लिहिले होते. ब्युरेट, म्हणजे मापाची काचनळी, आधीच्या मुलीनं नीट धुतली नव्हती म्हणून उत्तर हललं होतं, आणि शेजारच्या मुलीनं पुस्तकातलं उत्तर बघून आकडे बसवले होते. पार्टिशनपलीकडून मला बाईंचं वाक्य ऐकू आलं. "तुझं पान खरं होतं आणि तू तेच फाडलंस."

पुढच्या शनिवारी दुपारी त्यांनी पुतळाला बोलावलं. बरोबर तुर्भे-रबाळ्याच्या बौद्ध वस्तीतली तीन मुलं आणि खाडीकाठच्या गावांतले आणखी दोघं होते. प्राचार्यांना त्यांनी सांगितलं की कच्च्या मुलांची तयारी करून घेते. ते खोटं होतं. त्यातली निम्मी मुलं चांगल्या मार्कांची होती.

त्या वर्गात बाई अभ्यासक्रमातलं जवळजवळ काहीच शिकवत नसत. त्यांनी प्रत्येकाला एक जाड पुठ्ठ्याची वही आणायला लावली. शाईनंच लिहायचं, पान फाडायचं नाही, चुकलं तर एकच रेघ मारायची, आणि जे झालं नाही ते जास्त सविस्तर लिहायचं. मग प्रश्न विचारण्याचा सराव. दर शनिवारी प्रत्येकानं एक असा प्रश्न आणायचा ज्याचं उत्तर त्याला खरोखरच ठाऊक नाही. पहिले दोन महिने मुलं पुस्तकाच्या मागचे प्रश्न आणत. बाई ते परत करत.

मला तेव्हा हा सगळा वेळ फुकट चालला आहे असं वाटायचं. या मुलांनी बी.एस्सी. व्हावं, कारखान्यात केमिस्ट म्हणून लागावं, घर वर काढावं, इतकं पुरेसं आहे, असं मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या शनिवारी वर्ग नेहमीसारखा भरला.

सगळ्यात जास्त गाजले ते रिप्रिंट. त्या काळी शास्त्रज्ञाला पोस्टकार्ड लिहिलं की तो आपल्या शोधनिबंधाची छापील प्रत फुकट पाठवत असे. बाई परळच्या एका ग्रंथालयात जाऊन निबंधांची नावं उतरवून आणत आणि मुलांकडून इंग्रजीत कार्डं लिहवून घेत. दीड-दोन महिन्यांनी जाड पाकिटं येऊ लागली. तळवलीला स्वीडनहून पाकीट आलं तेव्हा पोस्टमन ते घेऊन आधी सरपंचाकडे गेला. पुतळाला परदेशात नोकरी लागली अशी बातमी गावात दोन दिवस होती. पाकिटात निघाली सहा पानं, लाल रक्तपेशीतल्या एका एन्झाइमवरची. ती सहा पानं वाचायला त्या वर्गाला अकरा शनिवार लागले. प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहायचं, त्यातला न कळलेला शब्द खाली अधोरेखित करायचा, आणि मग या माणसानं हे कशावरून म्हटलं, असं बाई विचारायच्या. अकराव्या शनिवारी रबाळ्याचा बाजीराव इंगळे म्हणाला की चौथ्या पानावरचा आलेख आणि त्याखालचं वाक्य जुळत नाही. बाईंनी तपासलं. खरंच जुळत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना भजी आणून दिली.

पण वाचून आणि बोलून किती दिवस निघणार? मुलांनी खऱ्या प्रयोगशाळेत उभं राहायला हवं होतं, आणि बाईंना खरी प्रयोगशाळा एकच माहीत होती. ती त्यांनी सोडली होती.

१९८३ च्या फेब्रुवारीत त्या खाडीपुलावरून बसनं परळला गेल्या. डॉ. मणेरीकर, ज्यांच्या हाताखाली त्या होत्या, ते त्याच खोलीत त्याच टेबलाशी बसले होते. मधे नऊ वर्षं गेली होती. त्यांनी ओळखलं, बसायला सांगितलं. बाईंनी कामाचंच सांगायला सुरुवात केली: दोन विद्यार्थी, दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की सहा आठवडे, फक्त हात बसायला म्हणून. डॉक्टरांनी ते मधेच थांबवलं.

"तू का गेलीस ते मला कधीच कळलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला काम नकोसं झालंय."

"माझं एन्झाइम टिकत नव्हतं," बाई म्हणाल्या. "अकरा महिने. सकाळी काढायचं, दुपारपर्यंत मेलेलं असायचं."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगायचं असतं हे माहीत नव्हतं. मला वाटलं, ते आपण निस्तरायचं आणि मगच तुमच्यापुढं यायचं."

हे अर्धंच खरं होतं, असं बाई मला म्हणाल्या. बाकीचं अर्धं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. तिथं त्यांच्याशी कुणी वाईट वागलं नव्हतं. फक्त पहिल्याच आठवड्यात जिन्यात दोघांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं, की ही राखीव जागेवरची. त्यानंतर काही विचारायला तोंड उघडलं की त्यांना वाटे, आपण त्या दोघांचं म्हणणं खरं करतो आहोत. चार वाजता सगळी प्रयोगशाळा चहाला एकत्र बसे. बाई त्या वेळात काचसामान धूत बसत. वाया जाणारा वेळ आपण कामाला लावतो असा त्यांचा समज होता. कुणाचं काय अडलंय, कुणी ते कसं सोडवलं, हे सगळं त्या चहावर बोललं जातं, हे त्यांच्या लक्षात यायला संस्था सोडावी लागली.

डॉक्टरांनी विचारलं, "बफर कुठला वापरत होतीस?"

"ट्रिस."

"पीएच कुठं लावायचीस?"

"बाहेर. टेबलावर."

"आणि काम थंड खोलीत."

"हो."

बफर म्हणजे आम्लता, म्हणजेच पीएच, एका जागी राखणारं द्रावण; पण ट्रिसच्या बफरचा पीएच गारठ्यात वर सरकतो, आणि चांगलाच सरकतो. बाहेरच्या उकाड्यात बरोबर लावलेला बफर थंड खोलीत नेला की एन्झाइमला सोसत नाही. तिथल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं चहाचा कप खाली न ठेवता हे सांगितलं असतं. बाईंना ते नऊ वर्षांनी समजलं. आमच्या कॉलेजात ना ट्रिस होतं ना थंड खोली, त्यामुळे मधल्या काळात गाठ पडायचंही कारण नव्हतं.

डॉक्टरांनी दोन मुलं घ्यायचं कबूल केलं. बाई दारापर्यंत गेल्यावर ते म्हणाले की नोंदणी पुन्हा करता येईल, तू परत ये. बाईंनी आठवडाभर विचार केला आणि नको असं पत्र पाठवलं. मी कारण विचारलं. तेव्हा मला ते हवं होतं, आता मला दुसरंच काही हवं आहे, असं त्यांनी सांगितलं. मी ते पूर्ण खरं धरलं नाही, पण पुन्हा विचारलंही नाही.

दोन जागांसाठी बाईंनी पुतळा आणि बाजीरावला निवडलं. बाजीरावचे वडील कळंबोलीला लोखंडाच्या ट्रकांवर चढ-उताराचं काम करत. त्यांची काही हरकत नव्हती. पुतळाच्या घरी मात्र जावं लागलं. तिची आई यशोदाबाई ओसरीवर बोंबील निवडत बसली होती. मुलगी रोज परळला जाणार, संध्याकाळी परत येणार, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. बरोबर कोण, बस कुठली, जेवण कुठं. बाईंनी सगळं सांगितलं. मग चहा आला. लोक आपल्याला चहा कशात देतात इकडे मी लक्ष देत नाही, असं बाई नेहमी म्हणत. पण तळवलीला चहा घरच्याच कपबशीत आला, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी आपण होऊन सांगितलं.

जायच्या आधीच्या शनिवारी बाईंनी दोघांना सूचना दिल्या. त्यातल्या दोन मला आठवतात. चार वाजता चहाला जायचं, चहा नको असला तरी. आणि काही बिघडलं तर त्याच दिवशी, ज्याचं बिघडलं त्याला, स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

बाजीराव तिसऱ्या आठवड्यात परत आला. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, त्याचं काही चुकलंही नव्हतं. "मला हे आवडत नाही, मॅडम," तो म्हणाला. "एकच गोष्ट वीसदा करायची आणि वाट बघत बसायचं. माझ्यानं होणार नाही." बाईंना हे फार लागलं. महिनाभर त्या त्याच्याशी तुटक वागल्या. आलेखातली चूक पकडणारा मुलगा, त्यानंच पाठ फिरवावी, हे त्यांना पटेना. तो पुढं बी.एस्सी. होऊन एका कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत लागला आणि तिथं चांगला रमला. पुष्कळ दिवसांनी बाई म्हणाल्या, नको हे त्याला तीन आठवड्यांत समजलं, माझ्यासारखे चौदा महिने गेले नाहीत. पण हे म्हणताना त्यांचा सूर काही आनंदाचा नव्हता.

पुतळाचं चौथ्या आठवड्यात बिघडलं. प्रयोगशाळेतल्या एका वरिष्ठ विद्यार्थिनीनं तीन आठवडे हॉस्पिटलांतून हिंडून बावीस जणांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते. ते बर्फाच्या बादलीत होते. पुतळाला जागा हवी होती म्हणून तिनं त्या नळ्यांचं स्टँड उचलून टेबलावर ठेवलं आणि परत ठेवायचं विसरली. जेवून आली तेव्हा दीड तास झाला होता. मे महिना. नळ्या हाताला कोमट लागत होत्या. खोलीत कुणी नव्हतं. स्टँड पुन्हा बर्फात ठेवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पुढच्या मोजमापात आकडे वेडेवाकडे आले असते आणि त्या विद्यार्थिनीनं दुसरंच काही कारण शोधलं असतं.

पुतळा तिला शोधत ग्रंथालयात गेली आणि तिथं, चार माणसांसमोर, तिला सांगितलं. त्या मुलीनं पुस्तक मिटलं, खाली येऊन नळ्या पाहिल्या आणि एकेक करून सिंकमध्ये ओतल्या. सहा आठवडे संपेपर्यंत ती पुतळाशी एक शब्द बोलली नाही. डॉ. मणेरीकरांनी पुतळाला आठवडाभर कुठल्याही नमुन्याला हात लावायची बंदी केली. ती काचसामान धुऊ लागली. चहालाही ती गेली, आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

शनिवारी ती आमच्या प्रयोगशाळेत आली. मी पार्टिशनमागं उत्तरपत्रिका तपासत होतो. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली की सोमवारपासून मी जाणार नाही.

"वहीत लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग आधी लिही. किती वाजता काढलं, किती वाजता बघितलं, खोलीत किती उकाडा होता. मग जायचं की नाही ते ठरव."

ती लिहायला बसली. बाई बीकर पुसत राहिल्या. तासाभरानं पुतळा वही बंद करून निघून गेली. सोमवारी ती परळला गेली, हे आम्हाला मंगळवारी समजलं. जुलैत डॉक्टरांनी प्रशस्तिपत्र पाठवलं. चार वाक्यांचं. तीन नेहमीची होती. चौथ्यात लिहिलं होतं की हिच्या नोंदींवर मी विश्वास ठेवीन.

पुतळा १९८४ साली बी.एस्सी. झाली, त्यानंतर दोन वर्षांनी एम.एस्सी. त्याच उन्हाळ्यात परळच्या संस्थेची पीएच.डी.साठी मुलाखत होती. डॉ. मणेरीकर स्वतः मुलाखतीच्या समितीतून बाजूला झाले, कारण तिनं त्यांच्याकडे काम केलेलं होतं. पाच अनोळखी माणसांसमोर पुतळाचं इंग्रजी आटलं. उत्तरं बरोबर होती पण ती तिसऱ्या खुर्चीपलीकडे पोचली नाहीत. एकानं तिला, मोठ्यानं बोला, असं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिचा आवाज होता तोही गेला. तिची निवड झाली नाही.

बाईंनी स्वतःला दोष दिला. वाचायला शिकवलं, लिहायला शिकवलं, चूक सांगायला शिकवलं, पण बोलायचं ते दोन टेबलांच्या अंतरावरच शिकवलं, असं त्या म्हणाल्या. पुढचं वर्षभर पुतळा पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होती, आणि दर शनिवारी आमच्या मोठ्या वर्गात फळ्यापाशी उभी राहून बोलत होती. बाई शेवटच्या बाकावर बसत. ऐकू आलं नाही की त्या फक्त हात वर करत. कधीकधी त्या मला बोलावत आणि माझ्या विषयातलं काही आडवं विचारायला सांगत. मी सुरुवातीला कंटाळून गेलो असेन. पुढं मला शनिवारी घरी लवकर जाववेना.

त्याच वर्षी करंजाड्याचं स्थळ आलं. मुलगा बरा, घरचं विटांचं काम, आणि पुतळा चोवीसची होत आलेली. यशोदाबाईंनी आपण होऊन बाईंना निरोप पाठवला. बाई गेल्या. या भेटीचं त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं, कारण त्यांना स्वतःलाच ती नीट लक्षात ठेवायची होती.

"ही डागतर व्हनार कं?" यशोदाबाईंनी विचारलं.

"होईल. पण औषध देणारी नाही. शोधणारी."

"किती वर्सं?"

"पाच. सहाही लागतील."

"आनि नाय गावलं तं?"

बाई म्हणाल्या, नाही सापडलं तरी लिहून द्यायचं असतं, की इथं शोधलं आणि इथं नाही. म्हणजे पुढचा माणूस दुसरीकडे शोधतो.

यशोदाबाई म्हणाल्या, "आमचं मीठ बी असंच. येके वर्सी पिकतंच नाय. तरी बांध घालावा लागतं."

करंजाड्याच्या लोकांना यशोदाबाईंनी काय कळवलं ते बाईंना माहीत नाही. ते स्थळ पुन्हा आलं नाही. घरात त्यावरून पुष्कळ बोलणं झालं, चुलत्यांनी दोन वर्षं येणंजाणं तोडलं, असं पुतळाकडून पुढं समजलं. यशोदाबाई मात्र त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

१९८७ च्या मुलाखतीत पुतळाचं इंग्रजी फार सुधारलं होतं असं नाही. पण ती शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेली. एका प्रश्नावर तिनं, मला हे माहीत नाही, असं स्वच्छ सांगितलं आणि ते कसं शोधून काढता येईल हेही सांगितलं. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा बाई पहिल्या वर्षाच्या मुलांना पिपेट धरायला शिकवत होत्या. पत्र वाचून त्यांनी ते एप्रनच्या खिशात ठेवलं आणि प्रॅक्टिकल पूर्ण केलं.

त्यांच्या स्वतःच्या नोकरीत काही बदल झाला नाही. लेक्चररची जागा दोनदा निघाली, दोन्ही वेळा पीएच.डी. झालेल्या माणसाला मिळाली. दुसऱ्या वेळी आलेला गृहस्थ बाईंहून बारा वर्षांनी लहान होता आणि पहिल्या महिन्यात द्रावणं कशी करायची हे त्यांनाच विचारत होता. बाई सांगत. वर्गात मुलं येत राहिली. काही वर्षी सहा, एका वर्षी दोनच. बरीचशी मधेच सोडून गेली, नोकरीला लागली, लग्नं झाली. १९८९ पर्यंत पुतळाखेरीज आणखी दोघंजण संशोधनाला लागले होते, एक हैदराबादला आणि एक पुण्याला. आठ वर्षांत तीन. हा हिशोब मी एकदा बाईंपुढं मांडला, तेव्हा त्या म्हणाल्या की या पट्ट्यातून त्याआधी किती गेले होते ते मला सांगा.

पुतळाचा विषय लाल पेशीतल्या एका एन्झाइमचा होता. ते कमी असलं तर मलेरियाच्या एका गोळीनं पेशी फुटतात आणि माणूस पिवळा पडतो. नवं शहर बांधायला काढलं तसे सगळीकडे खड्डे, पाणी आणि डास झाले होते. गोळ्या गावोगाव वाटल्या जात होत्या. कुणाच्या रक्तात ते एन्झाइम कमी आहे हे खाडीकाठच्या गावांत कुणी मोजलं नव्हतं. पुतळानं तळवलीपासून सुरुवात करायचं ठरवलं.

१९८९ च्या जानेवारीतल्या एका रविवारी देवळासमोरच्या मांडवात टेबल टाकलं होतं. बायकांना यशोदाबाईंनी गोळा केलं. आधी कुणी पुढं येईना, तेव्हा त्यांनी स्वतःचा हात पुढं केला आणि सुई टोचत असताना इकडचंतिकडचं बोलत राहिल्या, म्हणजे बाकीच्यांनी बघावं. मग रांग लागली. पुतळा रक्त काढत होती, तिचा एक सहकारी नळ्यांवर आकडे लिहीत होता. बाई बर्फाच्या पेटीजवळ बसल्या होत्या आणि येणाऱ्या हातावर रबरी नळी बांधून देत होत्या. मीही गेलो होतो. मला नावं लिहायचं काम दिलं होतं.

गोजराबाई नावाची एक म्हातारी बाईंसमोर येऊन बसली. तिनं हात टेबलावर ठेवला आणि बाईंना विचारलं की तुमी मोठ्या डागतर कं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी कॉलेजात असते. मूठ आवळा."

म्हातारीनं मूठ आवळली. बाईंनी नळी घट्ट केली, शीर वर आलेली बघितली आणि सरकून पुतळाला जागा करून दिली.